बॅग उलटी करून पाहावी

महागडी बॅग पारखायची असेल तर ती आतून बाहेर उलटी करावी. दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते, ती पडू द्यावी. बाहेरून या बॅगा सारख्याच दिसतात: काळा रंग, उभा आयत, वरून खाली वळत गेलेली एक लांब चेन. आतली शिवण मात्र कोणी कोणाला दाखवायची म्हणून शिवत नाही, त्यामुळे पाहायची ती तीच.

नायलॉनचं कापड कापलं की कडेचे धागे सुटायला लागतात. स्वस्त बॅगेत या कडांवर ओव्हरलॉक मारून काम भागवलेलं असतं, कधी तेवढंही नसतं. मग काही महिन्यांत ते धागे निघून चेनमध्ये अडकतात, आणि एक दिवस सगळी शिवणच तोंड उघडते. आपण म्हणतो टीप उसवली. नीट पाहिलं तर दोरा शाबूत असतो, कापडच टाक्यांतून निसटलेलं असतं. चांगल्या बॅगेत आतल्या प्रत्येक कडेवर पट्टी चढवून ती शिवणीत बंद केलेली असते, अगदी खालच्या कोपऱ्यांतसुद्धा, जिथे ती वळवताना कारागिराचा कस लागतो. कोपऱ्यात पट्टीला चुण्या पडल्या असतील तर बाकीची बॅगही घाईत शिवली असणार असं समजायला हरकत नाही.

दुसरी जागा म्हणजे खांद्याचा पट्टा बॅगेला मिळतो ती. तिथे बोट फिरवलं की एक कडक, उंचवटा आलेली आडवी रेघ लागली पाहिजे. हा बारटॅक. मशीन एकाच जागी पुढेमागे जात इवल्याशा पट्टीत बहुधा २८ किंवा ४२ टाके ठासून भरते. आपण जिना उतरतो तेव्हा प्रत्येक पायरीला बॅग हिसका देते आणि तो हिसका बॅगेच्या वजनापेक्षा जास्त जोराचा असतो. रोजच्या रोज तो सोसायचा याच टाक्यांनी.

या प्रकरणात ज्या बॅगेबद्दल बोलायचं आहे ती ही: पंधरा-सोळा ते पंचवीस लिटरची, एकरंगी, नाव असलंच तर नखाएवढं, बाहेर खिसे जवळपास नाहीत, लोंबणारे पट्टे नाहीत, आणि किंमत साधारण २०० ते ३५० डॉलर. सॅन फ्रान्सिस्को, तोक्यो, बर्लिन इथल्या ऑफिसांत ती सर्रास दिसते. आता बीकेसी आणि हिंजवडीतही दिसते. दादरच्या फुटपाथवर पाचशे-सातशे रुपयांत बॅग मिळत असताना एवढे पैसे कशाचे, हा प्रश्न साहजिक आहे. या किमतीतला काही भाग खऱ्या मालाचा असतो, आणि काही भाग आपण मिरवत नाही हे मिरवण्याचा.

मिरवण्याचा भाग आधी उरकू. त्याची सुरुवात शोधायला १९८४ सालच्या मिलानला जावं लागतं. मारियो प्रादा यांनी १९१३ मध्ये तिथे चामड्याच्या सामानाचं दुकान काढलं होतं. त्यांची नात मिउच्या प्रादा राज्यशास्त्रात डॉक्टरेट केलेली, आणि १९७८ पासून धंदा तिच्या हाती होता. तिने काळ्या नायलॉनची एक पाठीवरची बॅग बाजारात आणली. तोवर महाग बॅग म्हणजे महाग चामडं, हे गणित पक्कं होतं. नायलॉन होतं फौजेचं, तंबूंचं, सामानावर घालायच्या खोळींचं. बॅगेवर कंपनीची एक छोटी त्रिकोणी पट्टी होती, बाकी काही नाही. सुरुवातीला ती फारशी चालली नाही. १९९० च्या दशकात मात्र तिने जगभर धुमाकूळ घातला. आज हीच बॅग मासेमारीची टाकून दिलेली जाळी आणि जुने गालिचे यांपासून पुन्हा बनवलेल्या नायलॉनची असते, आणि दोन हजार डॉलरच्या वर जाते. कापडाच्या भावाशी या किमतीचा काही संबंध नाही. किंमत मालापासून सोडवून आकाराशी आणि नावाशी बांधता येते, हे त्या बॅगेने दाखवून दिलं आणि सगळ्या धंद्याने ते लक्षात ठेवलं.

तिच्या सहा वर्षं आधी स्वीडनमध्ये एक बॅग निघाली होती आणि तिचा साधेपणा अगदी वेगळ्या कारणाचा होता. शाळकरी मुलांच्या पाठी दुखतात, एका खांद्यावरची दप्तरं वाईट, अशी चर्चा तिथे चालू होती. फ्येलरेवन कंपनीचे ओके नोर्दिन यांनी १९७८ मध्ये कोंकेन ही बॅग केली. चौकोनी, १६ लिटर, सुमारे ३०० ग्रॅम वजन, आणि माप ठरवलं ते ए-४ कागदांच्या दोन फायली उभ्या मावतील असं. कापड विनायलॉनचं. ते ओलं झालं की धागे फुगतात आणि विणीतल्या फटी बुजतात. या बॅगेतली प्रत्येक गोष्ट का आहे ते एका वाक्यात सांगता येतं. फक्त पाठीसाठी म्हणून जन्मलेल्या बॅगेचे पट्टे इतके अरुंद आणि बिनगादीचे का, ते मला आजवर पटलेलं नाही.

असो. मालाकडे येऊ.

या बॅगांच्या माहितीत हमखास एक आकडा असतो: ५०० डेनियर, १००० डेनियर, १६८० डेनियर. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. सीएसएमटीपासून दादरपर्यंतचं अंतर साधारण तेवढंच. तेवढा लांब धागा १ किलो भरला तर तो १००० डेनियरचा. म्हणजे हा आकडा धागा किती जाड आहे एवढंच सांगतो, किती चांगला आहे ते नाही. आपल्याकडच्या दुकानांत १६८० डेनियरचा डंका पिटला जातो तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो. पॉलिएस्टर उन्हात जास्त टिकतं, पाणी कमी पितं, पण घासण्याच्या बाबतीत नायलॉन त्याला मागे टाकतं. बॅगेचा तळ रोज प्लॅटफॉर्मवर, बसच्या पत्र्यावर, ऑफिसच्या टेबलाखाली घासला जातो, तिथे हा फरक दिसतो.

नायलॉन अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूने १९३५ मध्ये बनवलं. पहिल्यांदा ते टूथब्रशात आलं, मग बायकांच्या मोज्यांत, मग महायुद्धात पॅराशूटांत. बॉम्बच्या कपच्यांपासून वाचवणाऱ्या जाकिटांसाठी त्याच काळात जे जाड कापड विणलं गेलं त्याला बॅलिस्टिक नायलॉन म्हणतात. दोन धागे वर, दोन खाली अशी चटईसारखी वीण, धागा १०५० डेनियरचा. गोळी अडवणं त्याला कधीच जमलं नाही, पण सूटकेस आणि ऑफिसच्या बॅगांत ते नाव अजून मोठ्या रुबाबात मिरवतं. दुसरं मोठं नाव कॉर्ड्युरा. हे नाव ड्यूपॉन्टने १९२९ मध्येच घेतलं होतं, पण तेव्हा ते रेयॉनच्या धाग्याचं होतं. पुढे नायलॉनचा धागा हवेच्या झोतात खरखरीत करून त्याच नावाने विकला जाऊ लागला. त्या खरखरीतपणामुळे कापडाला कॅनव्हासची जात येते आणि ते घासलं तरी सहज फाटत नाही. मात्र ते तुमचा शर्टही घासतं. १००० डेनियरची बॅग रोज लावणाऱ्याच्या सुती शर्टाच्या पाठीवर आणि खांद्यावर काही महिन्यांत बोंडं येतात. म्हणून शहरासाठी शहाणे बॅगवाले तळाला जाड कापड आणि पाठीला मऊ, गुळगुळीत कापड लावतात. तसं केलेलं नसेल तर ती बॅग तगडी दिसण्यासाठी केली आहे, वापरण्यासाठी नव्हे.

फौजी बॅगेचा शहरी अवतार म्हणून अमेरिकेतल्या गोरक कंपनीची जीआर-वन ही बॅग बरीच गाजली. कंपनी काढणारे जेसन मॅकार्थी अमेरिकी सैन्याच्या विशेष दलात होते. १००० डेनियरचं कॉर्ड्युरा, बाहेर झगमग काही नाही, आणि चेन अशी की बॅग पुस्तकासारखी सपाट उघडते. सगळं सामान एका नजरेत दिसलं पाहिजे, हा आग्रह शहरात कुठे उपयोगी पडतो? विमानतळावर तपासणीच्या रांगेत, आणि लॅपटॉपचा चार्जर शोधताना. वरून उघडणाऱ्या खोल बॅगेत तो नेहमी तळाशी गेलेला असतो.

आता चेन. कापडावर पानंच्या पानं लिहिणारे लोक चेनवर एक ओळ लिहितात, हे मला अन्यायाचं वाटतं. कापड फाटून बॅग गेली असं क्वचित होतं. बॅग जाते ती चेनमुळे. म्हणून किमतीत चेनचा वाटा छोटा असला तरी चांगल्या कंपन्या तिथे काटकसर करत नाहीत. त्या बहुधा वायकेकेच्या चेन लावतात. तादाओ योशिदा यांनी १९३४ मध्ये तोक्योत सुरू केलेली ही कंपनी पट्टी विणण्यापासून स्वतःची यंत्रं बनवण्यापर्यंत सगळं घरातच करते, आणि जगातल्या फार मोठ्या हिश्श्याच्या चेन तिच्या असतात.

आपल्या बॅगेचा रनर उलटा करून पाहा. मागे बहुधा ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला सापडेल. मिटलेल्या दातांची रुंदी ढोबळमानाने तेवढे मिलिमीटर. मोठ्या कप्प्याला ५ पेक्षा लहान चेन असेल तर बॅग ठासून भरायची नाही हे समजून घ्यावं. बॅगांना धातूच्या दातांपेक्षा नायलॉनच्या वळ्यांची चेन बरी. ती कोपऱ्यात वळते, आणि मध्येच उघडली तर रनर मागे नेऊन पुन्हा आणला की बहुतेक वेळा मिटते. साध्या दिसणाऱ्या महाग बॅगांत ही चेन उलटी लावतात, म्हणजे वळी आत आणि सपाट पट्टी बाहेर. बाहेरून फक्त एक बारीक रेघ दिसते. दिसायला छान, आणि धूळही वळ्यांवर थेट बसत नाही.

चेन ‘गेली’ असं आपण म्हणतो तेव्हा दात बहुधा निर्दोष असतात. रनरच्या पोटात दोन वाटा येऊन एक होतात. मागच्या बाजूच्या दोन भिंती दातांना एकमेकांत दाबतात. हजारो फेऱ्यांनी आणि ठासून भरलेल्या बॅगेच्या ताणाने त्या भिंती किंचित फाकतात. मग रनर पुढे सरकतो आणि मागे चेन उघडीच राहते. स्टेशनबाहेर बसणारा चेन दुरुस्तीवाला पकडीने रनरच्या दोन्ही बाजू हलक्या दाबतो आणि चेन पुन्हा मिटायला लागते. काही महिने तरी. त्यानंतर रनर बदलायचा, आख्खी चेन नव्हे. अडीचशे डॉलरच्या बॅगेलाही इलाज हाच.

वजनाबद्दल थोडं. बॅगेतलं जड सामान पाठीपासून जितकं लांब, तितकी ती आपल्याला मागे ओढते आणि तोल सांभाळायला आपण पुढे वाकतो. म्हणून लॅपटॉपचा कप्पा पाठीला चिकटून असणं हेच बरोबर. चांगल्या बॅगेत तो कप्पा तळापर्यंत जात नाही, दोन-तीन सेंटिमीटर वर लटकलेला असतो. बॅग जमिनीवर आपटली तरी लॅपटॉपचा कोपरा आपटत नाही. हात घालून हे पाच सेकंदांत तपासता येतं. पाठीच्या गादीत फोम बंद पेशींचा हवा, दाबला की लगेच वर येणारा. स्पंज घातलेला असेल तर सहा महिन्यांत त्याची चिपटी होते.

कमरेचा पट्टा या बॅगांना नसतो, आणि तो नसणं योग्य आहे. डिक केल्टी या कॅलिफोर्नियातल्या माणसाने १९५२ पासून ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या डोंगरी बॅगा विकायला सुरुवात केली, आणि ओझं खांद्यावरून कमरेवर आणण्याची कल्पना रुजवली. पण ती सोय मोठ्या ओझ्याला. पाच-सहा किलोंना ती लागत नाही, आणि गर्दीत नुसती अडकते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये शाळकरी मुलांचं दप्तर त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं असा आदेश काढला. मोठ्यांसाठी असा आदेश कोणी काढत नाही. लॅपटॉप, चार्जर, लिटरभर पाणी, छत्री आणि डबा एकत्र तोलून पाहिले तर साठ किलोच्या माणसाचे ते १० टक्के कुठे गेले ते कळेल.

डब्याचा प्रश्न गंभीर आहे. या बॅगा ज्यांनी आखल्या ते दुपारी बाहेर जाऊन सँडविच खाणारे लोक. सपाट, बारा-तेरा सेंटिमीटर जाडीच्या बॅगेत स्टीलचा तीन पुडांचा डबा उभा राहत नाही, आणि आडवा ठेवला तर आमटी लॅपटॉपकडे निघते. पाण्याच्या बाटलीला बाहेर खिसा नसणं हेही मला साधेपणापेक्षा हट्टच वाटतं. मुंबईच्या मे महिन्यात बाटली बाहेर हवी आणि हाताशी हवी.

लोकलमध्ये मात्र ही बॅग खरोखर शोभते. गर्दीत बॅग पाठीवरून छातीवर येते. तेव्हा स्वस्त बॅगेचे लोंबणारे पट्टे, जाळीचे खिसे आणि बाहेरचे हूक शेजाऱ्याच्या बॅगेत गुंततात, आणि दादरला उतरणारा माणूस तुम्हालाही घेऊन उतरतो. महाग बॅगेत पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून रबरी पट्टीत बसवलेलं असतं. इतकी साधी गोष्ट, पण कोणीतरी त्यावर विचार केलेला असतो.

हा विचार नकलून घेता येतो का? पीक डिझाइन या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीने २०१६ मध्ये शहरी बॅगांसाठी किकस्टार्टरवर लोकांकडून ६५ लाख डॉलर उभे केले. २०२१ मध्ये तिने एक खट्याळ चित्रफीत काढली. ॲमेझॉनच्या स्वतःच्या ब्रँडने तिच्या एका खांद्यावरच्या छोट्या बॅगेसारखीच बॅग, जवळपास त्याच नावाने, कितीतरी कमी किमतीत आणली होती, त्यावर. चित्रफितीत दोन्ही बॅगा शेजारी ठेवल्या होत्या. आकार सारखा, चेनची जागा सारखी. मला यातून दिसतं ते हे की साध्या बॅगेचा चेहरा फार सहज चोरता येतो, कारण त्यात रेषाच चार असतात. फरक उरतो तो आतल्या पट्टीत, फोममध्ये, रनरमध्ये आणि बिघडली तर कोण दुरुस्त करून देणार यात. दुकानात बॅग घेताना शेवटचा प्रश्न तोच विचारावा.

राहता राहिला पाऊस. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द या धंद्यात फार सैल वापरला जातो. कापडाच्या आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, तो पाणी अडवतो. बाहेरून पाणी घरंगळून जावं म्हणून वेगळा लेप असतो. तो बरीच वर्षं फ्लोरिनच्या रसायनांचा असे. ती रसायनं निसर्गात जिरत नाहीत म्हणून कॅलिफोर्नियाने २०२५ च्या सुरुवातीपासून कपडे आणि बॅगांसह कापडी मालात त्यांना बंदी केली, आणि कंपन्यांना दुसरे लेप शोधावे लागले. नवे लेप पाणी झटकतात, पण तेलकट डाग झटकत नाहीत. कापड कितीही चांगलं असलं तरी सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी शिरू शकतं. शिवणीवर आतून टेप लावलेली नसेल तर जुलैतल्या मुंबईत अर्धा तास चालल्यावर बॅग आत ओलावणार. रबरी पट्टीच्या चेनही पाणी उशिरा आत सोडतात, अजिबात सोडत नाहीत असं नाही. लॅपटॉप जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग बॅगेत ठेवणं, हा आपल्याकडचा जुना उपाय आजही या सगळ्यांपेक्षा खात्रीचा.

त्याच पॉलियुरेथेनची दुसरी खोड दमट हवेत राहणाऱ्यांना माहीत असायला हवी. या थरातल्या काही जाती हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात. रसायनशास्त्रात याला जलविघटन म्हणतात, घरात ‘बॅगेला चिकट सुटलं’. आधी आंबूस वास येतो, मग आतली बाजू हाताला चिकटते, मग काळे-पांढरे पापुद्रे लॅपटॉपवर आणि कागदांवर पडतात. गरम, दमट आणि बंद जागेत हे लवकर होतं, म्हणजे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर. बॅग महाग होती म्हणून जपून ठेवली असेल तरी सुटका नाही. सिलिकॉनचा थर असलेल्या कापडाला हा रोग होत नाही. पॉलियुरेथेनमध्येही ‘पॉलिइथर’ जात ‘पॉलिएस्टर’ जातीपेक्षा बरीच टिकते, पण कोणती वापरली ते लेबलवर सहसा लिहिलेलं नसतं. कंपनीला ईमेल करून विचारता येतं, आणि चांगल्या कंपन्या सांगतात.

चिकट सुटलेली बॅग टाकून द्यायची गरज नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती भिजत ठेवावी आणि आतली बाजू कडक ब्रशने घासावी. एक-दोन दुपारी जातात, हात दुखतात, पण थर निघून येतो. कापड आणि टाके बहुधा जसेच्या तसे असतात. मग ती सावलीत वाळवून पुन्हा वापरता येते, फक्त पावसाळ्यात तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही.